डावखुऱ्याचा पिक्चर

४ नोव्हेंबर २०२४

मारुतरावचा एक डोळा गेलाच. काचबिंदू. दुसराही चार-सहा महिन्यांचा सोबती, असं डॉक्टर म्हणाले. पाटसहून एसटीनं दौंडला गेलो. वाटलं, खचला असेल. तर हा खाटेवर बसून भाजक्या शेंगा खातोय!

“गेन्या, डोळा हाय तवर एक काम कर. आपला डावखुऱ्याचा पिक्चर शोध. ह्या बारीला शेवटापतूर बघायचा.”

पार्वतीवहिनी आतून — “काशी न्हाई मागितली, रामेश्वर न्हाई. पिक्चर मागितला! ऐका गुरुजी, तुमच्या दोस्ताचं!”

५ नोव्हेंबर

दिवसभर तेच डोक्यात. दौंडच्या रेल्वे इन्स्टिट्यूटचं, म्हणजे रेल्वेवाल्यांच्या क्लबचं, पटांगण. शनिवारी अंधार पडला की इंग्रजी पिक्चर. साहेबलोक, गार्ड, ड्रायव्हर समोर खुर्च्यांवर. आम्ही मॅट्रिकची पोरं पडद्याच्या मागं, गवतात. पांढरं कापड ते — मागूनही चित्र दिसायचं. आणि फुकट!

इंग्रजीचं अक्षर कळत नव्हतं, म्हणून चेहरे वाचायचो. हनुवटीला खळी असलेला तो डावखुरा. हॅट कपाळावर ओढली की समजावं, आता हा खोटं बोलणार. आणि ती, लांब मानेची. रडू आलं की पाठ फिरवायची. आपल्याला दिसणार नुसते खांदे. हल्लीचे नट डोळ्यांत पाणी आणून दाखवतात. ते लपवायचे — आणि भरून आपल्याला यायचं! पुढं पस्तीस वर्षं वर्गात चालीवर कविता म्हटल्या, पण न लिहिलेली ओळ कशी वाचायची, ते मला त्या दोघांनी शिकवलं.

शेवट मात्र एकाही पिक्चरचा पाहिला नाही. पाटसला जाणारी शेवटची पॅसेंजर गाठायची असे. मारुतीचे वडील रेल्वेत पॉइंट्समन, रुळांचे सांधे बदलणारे; क्वार्टर दोन मिनिटांवर. तरी तो माझ्याबरोबर उठायचा. स्टेशनापर्यंत चालता चालता शेवट मी रचायचो. डावखुऱ्याच्या पिक्चरमध्ये ती बोटीच्या शिडीवर निम्मी चढली, आणि आम्ही उठलो. मी तिला मागं फिरवली, धावत खाली आणली, त्याच्या गळ्यात घातली. शाळेत मोकळा तास मिळाला की पोरांना तोच शेवट सांगत आलो.

८ नोव्हेंबर

ऋतिकाला कामाला लावलं. नात माझी. बारामतीला कॉलेजात, दिवाळीला आलीय.

“आबा, पिक्चरचं नाव?”

माहीत नाही.

“हिरोचं?”

नाही.

“मग माहिती काय आहे?”

डावखुरा, म्हटलं. डाव्या हातानं पत्र लिहितो, डाव्या हातानं हॅट काढतो. खळी. शेवटी बोट.

९ नोव्हेंबर

नाही.

११ नोव्हेंबर

ऋतिका म्हणते, त्या काळच्या हॉलिवुडात असा डावखुरा हिरो कुठं सापडतच नाही. राग आला. सापडत नाही म्हणजे? मी पाहिलाय!

१३ नोव्हेंबर

मारुतीचा फोन. “कॅलेंडरवरचं आकडं पुसाट दिसाया लागलं रं. घाई कर.”

घाई काय करू? जेवण गेलं नाही.

१४ नोव्हेंबर

गाढव आहे मी! ऋतिकाला गवतातली गंमत सांगत होतो, तर ती हसत सुटली.

“आबा! मागून बघितलं की उजवं डावं होतं ना! सहा दिवस मी जगातले डावखुरे शोधतेय!”

सत्तावन्न वर्षं! हात, भांग, हॅट — सगळं उलटं. पाट्याही उलट्या, म्हणून नावं वाचता येत नव्हती. आणि आम्ही समजायचो, आपलं इंग्रजी कच्चं!

१५ नोव्हेंबर

सापडला. खळी बरोब्बर मधोमध — ती तेवढी होती तशीच आहे. नाव इथं लिहीत नाही. बिननावाचाच आमचा होता तो.

मारुतीला फोन केला. मग म्हणाला, “रविवारी ये. दुपारचा.”

१७ नोव्हेंबर, रविवार

ऋतिकानं टीव्हीला फोन जोडून दिला. मारुती खुर्ची पार टीव्हीशेजारी ओढून तिरका बसला. एका डोळ्याला कसं बसावं लागतं, ते त्यालाच ठाऊक.

पार्वतीवहिनी — “ह्यो का तुमचा डावखुरा? उजव्यानं लिहितोय की! दोघं मिळून एक पिक्चर धड बघता आला न्हाई!”

केवढा देखणा! आणि किती कमी हलतो! समोरचा बोलतोय आणि हा नुसता ऐकतोय — तेवढ्यावर पाच मिनिटं धरून ठेवतो. आता खाली इंग्रजी अक्षरं येत होती, थोडी कळतही होती. वाचलीच नाहीत.

ती शिडीवर निम्मी चढली. माझे गुडघे सवयीनं हलले — उठायची वेळ!

ती वळलीच नाही. चढत गेली. तो खाली उभा. खिशातलं तिच्यासाठी लिहिलेलं पत्र काढलं, उघडलं नाही, हॅटच्या आत ठेवलं, हॅट डोक्यावर घातली. संपला.

मला काही सुधरेना. चष्मा काढला, पुसला, परत पुसला. मारुतीला एवढं बारीक दिसलं असेल का? विचारायचा धीर झाला नाही. म्हणालो, “आली बघ परत, मी सांगायचो तशी.”

“व्हय,” म्हणाला. एवढंच.

आजारी माणसाशी खोटं बोलून बसमध्ये बसलो.

१८ नोव्हेंबर

सकाळीच फोन. “ती परत येत न्हाई, गेन्या. तू डीएडला पुण्याला गेलास ना, तवा पिक्चर पुन्हा लागला व्हता. मी शेवटापतूर बघितला. तुझा शेवट बरा व्हता, म्हणून बोललो न्हाई.”

मग मला शोधायला कशाला लावलास, म्हटलं.

“ती जाताना तुझं तोंड बघायचं व्हतं. काल टीव्हीकडं कोण बघत व्हतं?”