सासूबाईंचे गुडघे आणि ब्रासाची पिल्लं

मोचे, १७ ऑगस्ट

एर्मेलिंदाताई,

तीन वेळा फोन केला आणि तिन्ही वेळा तू माझा आवाज ऐकून ठेवून दिलास. वर तुझी सून मला सांगते, मावशी, त्या आंघोळीला गेल्यात. तीन दिवस आंघोळच करतेस का गं? चेपेनला एवढं पाणी आलं कुठून? म्हणून आता कागदावर लिहिते, म्हणजे मधेच ठेवून देता येणार नाही. (फाडता येईल, पण तू पावाच्या पुडक्याचा कागदसुद्धा घडी करून ठेवतेस, मला माहीत आहे.) आणि राग कशाचा, तर बाप्तिस्म्याच्या जेवणात मी तुझ्या बदकाला चिवट म्हणाले. भात उत्तम होता, मी दोनदा घेतला. बदक म्हातारं होतं, त्यात तुझा काय अपमान? तू थोडंच अंडं घातलं होतंस?

असो. रीत मोडायची नाही म्हणून आधी मोठ्या बहिणीला नमस्कार, भावजींचा खोकला कमी असेल, तुझं पित्त शांत असेल, नातवंडं वाढत असतील. आम्ही इथे सगळे मजेत आहोत. म्हणजे नाही आहोत, आणि त्याला कारण तू आहेस. पाच वर्षांपूर्वी तू ते काळं, नागडं कुत्र्याचं पिल्लू टोपलीत घालून माझ्या दारात आणून ठेवलं नसतंस, तर आज मी सुखाने मासे साफ करत बसले असते.

ब्रासा दिसायला तशीच आहे. डोक्यावर चार ताठ केस, बाकी अंगावर औषधालासुद्धा नाही, वांग्यासारखी तुकतुकीत, आणि हात लावला तर चुलीवरून उतरवलेल्या पातेल्यासारखी गरम. सासूबाईंनी ब्रासा, म्हणजे निखारा, असं नाव ठेवलं ते उगाच नाही. आता त्या चौऱ्याऐंशीच्या झाल्या, आणि हिवाळ्यात समुद्राकडून धुकं आलं की त्यांचे गुडघे बोलायला लागतात. संध्याकाळचे पाच वाजले की कुत्री मांडीवर. जेवणापर्यंत डावा गुडघा, जेवणानंतर उजवा. दवाखान्यातल्या गोळ्या त्या कोंबड्यांना घालतात. (कोंबड्यांची चाल खरंच सुधारली आहे.) तर जूनमध्ये थंडी सुरू झाली तशी त्यांनी मला बोलावून सांगितलं, "दोमितिला, ही कुत्री पाच वर्षांची झाली. मी अजून दहा वर्षं मरणार नाही. ही गेली की माझ्या गुडघ्यांवर कोण बसणार, तू?" झालं. त्या दिवसापासून ब्रासाची पिल्लं व्हायलाच पाहिजेत असं घरात ठरलं. मला कुणी विचारलं नाही.

घरात ठरलं एवढ्यावर थांबलं असतं तर ठीक होतं. पण फाउस्तिनोसारखा नवरा आमच्या खानावळीत गिऱ्हाइकांशी बोलल्याशिवाय राहतो का? पाद्रीबाबांनी कमरेसाठी एक पिल्लू सांगून ठेवलं. हवालदाराने मानेसाठी. शाळेच्या बाईंना छातीत घरघर होते, त्यांना छातीसाठी. जाळी विणणाऱ्या रोसेंदोने दोन मागितली, का, तर खांदे दोन आहेत. जेवणाच्या पाटीवर जिथे मी रोजचे पदार्थ लिहिते, तिथे खाली खडूने फाउस्तिनोने यादीच लिहायला घेतली: मान, कंबर, छाती, उजवा खांदा, डावा खांदा. परगावचं एक गिऱ्हाईक आलं, पाटी वाचली आणि डावा खांदा कशाबरोबर देता म्हणून विचारलं. ताई, एकूण अकरा अवयव झाले. आणि एवढीशी कुत्री, तिला होऊन होऊन होणार चार. रस्त्यात भल्या सकाळी पाद्रीबाबा हाक मारतात, "काय दोमितिला, माझी कंबर कधी होणार?" ऐकणाऱ्यांनी काय समजायचं?

मग नवरदेव शोधायला लागलो. त्रुहिय्योहून अबेलार्दोसाहेब आले, ते या जातीच्या कुत्र्यांच्या मंडळात कुणीतरी मोठे आहेत. ते येणार म्हणून मी आदल्या दिवसापासून काळजीत, कारण ब्रासाला पुढचे दात अर्धेच आहेत. तू तिला टोपलीतून आणलीस तेव्हा सांगितलं नाहीस. (सांगायला हवं होतंस. मी पाच वर्षं तिला मऊ भात भरवते आहे आणि लोकांना सांगते आहे की ती लाडावलेली आहे.) साहेब तोंड उघडायला गेले की मी मधे काहीतरी खायला ठेवायची. एकदा मक्याचे दाणे, एकदा रताळं, एकदा त्यांच्याच हातात मक्याच्या दारूचा, चिचाचा पेला. शेवटी त्यांनी मला बाजूला केलं, जबडा उघडला, आत पाहिलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. म्हणाले, "बाई, काय तोंड आहे! एकही दाढ धड नाही! अस्सल रक्त!" या जातीत जेवढं बोळकं तेवढं खानदान मोठं असं असेल, तर आमच्या सासूबाई महाराणी निघायच्या, हे मी मनात म्हटलं. मनातच म्हटलं असं मला वाटलं होतं, पण सासूबाईंनी ऐकलं.

जुलैत ब्रासाची माजाची वेळ आली तशी रविवारी साहेब आपला एम्पेरादोर घेऊन हजर. नाव सम्राटाचं आणि अंगात विणलेला निळा स्वेटर. उन्हाने कातडी सोलून निघू नये म्हणून नाकाला मलम. त्याला अंगणात सोडलं, तर तो ब्रासाकडे ढुंकूनसुद्धा न बघता थेट स्वयंपाकघरात गेला आणि चुलीजवळ उभा राहून थरथरायला लागला. साहेब म्हणाले, लाजतोय. तासाभराने तो सासूबाईंच्या उजव्या गुडघ्यावर चढला आणि झोपला. डाव्यावर ब्रासा आधीच होती. सासूबाईंच्या दोन्ही गुडघ्यांना एकाच वेळी ऊब मिळाली, असं त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदा घडलं. त्यांनी डोळे मिटले आणि जाहीर केलं की लग्न झालं नाही तरी चालेल, मुलगा घरजावई म्हणून ठेवून घ्या. साहेबांना तो ओढून न्यावा लागला, स्वेटर मागे राहिला.

सोमवारी मी शाम्बार करते, त्या सूपासाठी अख्खं मोचे येतं, तशी जनावरांची डॉक्टर युलिसाही येते. पोरगी अठ्ठावीसची, पण बोलते साठीची असल्यासारखी. तिने सगळं ऐकलं, चमचा खाली ठेवला आणि म्हणाली, "काकू, नागड्याला नागडी जोडली तर चारातलं एक पिल्लू पोटातच विरून जातं. नागडीला याच जातीचा केसाळ नर पाहायचा. सगळी पिल्लं जगतात, काही नागडी होतात, काही केसाळ." मी म्हटलं, बाई गं, नागड्या जातीचा केसाळ म्हणजे काय, दाढीवाली नन? तर म्हणे, प्रत्येक वेतात एखाददुसरं केसाळ निघतंच, मालक लाजेने देऊन टाकतात आणि बोलत नाहीत. आणि दुसरी गोष्ट तिने हळू आवाजात सांगितली. पाच वर्षांची पहिलटकरीण म्हणजे धोका आहे. अडली तर हातची जाऊ शकते. करायचं तर आत्ता, नाहीतर कधीच नको.

हे शेजारच्या टेबलावर एवारिस्तो न्हावी ऐकत होता. त्याचा तो केसाळ्या कुत्रा तू पाहिला आहेस, झाडूसारखा, पिवळट, सगळ्या गल्लीचा. तीन महिने तो माझ्या मागच्या फाटकाशी घुटमळत होता आणि तीन महिने मी त्याला झाडूने बडवून लावत होते. गटारातला मेला, माझ्या खानदानी पोरीवर नजर ठेवतो म्हणून. (एकदा नेम चुकला तो हवालदाराला लागला, म्हणून त्याची मान.) एवारिस्तो सूप तसंच टाकून उठला, दुकानात गेला आणि आरशाच्या मागे खोचलेला एक कागद घेऊन आला. मला चष्म्याशिवाय वाचायला वेळ लागतो, तर युलिसाने वाचून दाखवला. केसाळ्या या जातीचाच. आई तीच, बाप तोच, जन्मतारीख तीच, जी साहेबांनी रविवारी एम्पेरादोरची म्हणून सांगितली होती. सख्खा भाऊ! आणि खाली सही अबेलार्दोसाहेबांची. मी लगेच साहेबांना फोन लावला. तर म्हणाले, बाई, ही गोष्ट कृपा करून चार भिंतींबाहेर जाऊ देऊ नका. मी म्हटलं, बरं. तेव्हा खानावळीत चाळीस माणसं होती आणि फोन मोठ्या आवाजावर होता.

लगेच सगळे माझ्या मागे. नवरदेव सापडला, घराणं सापडलं, कागद सापडला, मग अडलंय कुठे? सासूबाई म्हणतात उशीर करू नकोस. फाउस्तिनो म्हणतो दोमितिला, एका कुत्रीचा एवढा विचार तू माझ्याशी लग्न करताना केला नव्हतास. (खरं आहे, आणि त्याचं फळ भोगते आहे.) पण मी दुसऱ्याच दिवशी, मंगळवारी सकाळी ओला फडका घेतला आणि पाटी पुसून टाकली. मान, कंबर, दोन्ही खांदे, सगळं. आणि सांगितलं की माझी कुत्री ही औषधाचं दुकान नाही. ज्याला थंडी वाजते त्याने गोधडी घ्यावी. पिल्लं होणार नाहीत, विषय संपला. त्याला महिना झाला, तेव्हापासून सासूबाई माझ्याशी बोलत नाहीत, पाद्रीबाबा कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघतात, आणि मी मात्र एकदम शांत आहे. माझा निर्णय पक्का आहे आणि तूही मला समजवायला येऊ नकोस. एवढंच सांगायला हे पत्र.

तुझी धाकटी बहीण,
दोमितिला

ता. क. पाटी मंगळवारी पुसली हे खरं. पण बुधवारी मी मासे आणायला जाताना मागच्या फाटकाची कडी काढून ठेवली, आणि फाउस्तिनोने मधे काही करू नये म्हणून झाडू माझ्याबरोबर बाजारात नेला. लोकांनी विचारलं, झाडू कशाला. मी म्हटलं, मासळीबाजार घाण असतो. झालं असं, की त्याआधी दोन दिवस ब्रासा त्या फाटकाच्या फटीत नाक घालून बसली होती, खात नव्हती, आणि पलीकडे तो झाडूसारखा केसाळ्या बसला होता. मला वाटलं, इथे प्रत्येकाने आपापला गुडघा विचारला, कंबर विचारली, मीसुद्धा माझी भीतीच विचारात घेतली. तिला कुणी विचारलंच नव्हतं.

आणखी एक. परवा युलिसाने पोट चाचपलं. चार आहेत. सासूबाईंना माहीत नाही, त्यांना वाटतं कुत्री भात जास्त खाते म्हणून जड झाली, उलट ऊब वाढली म्हणून खूश आहेत.

शेवटचं, आणि मग कागद संपला. सप्टेंबरच्या पंधरा तारखेच्या आसपास ती व्यायची आहे, आणि युलिसा दहाला लिमाला परीक्षेला जाते ती वीसला येणार. ताई, तू चाळीस वर्षं चेपेनमधल्या बायका सोडवल्यास, माझी तिन्ही पोरं तुझ्याच हातांवर आली, धाकटा पायाळू होता तेव्हा सगळे रडत होते आणि तू मला शिव्या देत होतीस, म्हणून मी वाचले. तू म्हणशील, मी माणसांची सुईण आहे. तू म्हणशील, आता माझे हात थरथरतात. थरथरू देत, शिव्या तर देता येतील ना. मला ती जायला नको आहे गं. दहा तारखेला इथे ये, अंथरूण माझ्याजवळ घालते. सांता रोसाचा सण तीस ऑगस्टला आहे, त्या दिवशी दुपारी बाराच्या आत मला उत्तर पाहिजे. येते किंवा येत नाही, एवढंच लिही, आणि येत नाही असं लिहायचं असेल तर ते माझ्या तोंडावर सांगायला ये.