उंदरांना जमलं, मला का नाही?

कोइम्ब्रा, ईस्टरआधीच्या उपवासकाळातला मंगळवार

आदरणीय मदर फेलिस्मिना (म्हणजे शाळेच्या बाकावरची माझी फेली) हिला लिओपोल्दिनाचा नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत? माझे कुरकुरतात, पण डॉक्टरांना त्यांत रस नाही. त्यांना फक्त माझ्या रक्तातली साखर दिसते. घरात दुसरी डॉक्टर आहे माझी भाची बेनेदिता. ती उंदरांची.

परवा फार विनवण्या केल्यावर तिने मला निळा झगा चढवून प्रयोगशाळेत नेलं. म्हणाली, इन्सुलिन पेशीच्या दाराशी येतं आणि त्याचा निरोप आत द्यायला एक जोडणारं प्रथिन असतं. स्वतः काडीचं काम करत नाही, नुसता याचा हात त्याच्या हातात देतं. म्हणजे आपल्या कॉन्व्हेंटच्या भिंतीतल्या फिरत्या फडताळाशी बसणारी सिस्टर उर्सुलाच की! बाहेरून मागणी, आतून मिठाई, मध्ये ही (आणि वाटेत किती वड्या गळायच्या, तुला ठाऊक आहे). या लोकांनी उंदरांतून ते प्रथिनच काढून टाकलं. वाटलं, निरोप बुडाला. तर चरबी खाऊन गुबगुबीत झालेले ते उंदीर इन्सुलिनचं उलट जास्तच ऐकायला लागले!

मी म्हटलं, "मग माझ्यातलंही काढ."

"आत्या, तू उंदीर नाहीस."

"त्यांच्याकडून माणसांचं शिकतेस, तेव्हा नाही आठवत?"

पुढच्या पिंजऱ्यातले बिचारे साखरेच्या चाचणीसाठी उपाशी ठेवलेले. (उपवासात म्हाताऱ्यांना आणि आजाऱ्यांना सूट असते, हे आपल्याला सिस्टरांनीच शिकवलं ना?) माझ्या खिशात तू पाठवलेल्या बदाम-बलकाच्या केकचा तुकडा होता. चिमूटभर एकाला दिला. काय तो आरडाओरडा! उंदराला चाचणीतून काढलं, मला दारातून. तेव्हापासून तुझा डबा आला की बेनेदिता तो ताब्यात घेते आणि मला कागदाएवढा पातळ काप देते. साखर माझी, तोंड माझं, कुलूप हिचं!

प्रार्थनेत आठवण ठेव.

तुझी,
लिओपोल्दिना

ता.क. ईस्टरचा डबा खालच्या मजल्यावरच्या आबीलियू शिंप्याच्या नावे पाठव. मधला निरोप्या काढला की काम सुधारतं, हे आता विज्ञानानेच सांगितलंय.

ता.क. गुडघ्यांमुळे पोस्टात जाववत नाही, म्हणून पत्र बेनेदिताकडे देते आहे. पाकीट घट्ट चिकटवलंय.

मदर, पाकीट घट्ट नव्हतं. डबा आबीलियूंच्याच नावे पाठवा. ते कुणाचंही पार्सल अर्धं संपवल्याशिवाय वर आणत नाहीत. माझं काम वाचेल. — बेनेदिता