आधी कोण मागणार?

दि. ९, शुक्रवार

प्रिय बाईसाहेब,

इकडे सगळं ठीक. तुझ्या आईचा गुडघा बरा आहे. आता ती स्वयंपाकघरापर्यंत येऊन माझ्या चुका काढू शकते. गळका नळ दुरुस्त केला. म्हणजे प्लंबरने केला, मी टॉर्च धरला. बातम्यांत तू दिसलीस, दोन्ही शेजारी देशांच्या मंत्र्यांच्या मधे. हसत होतीस, पण डोळ्यांखाली काळं आलंय. आई म्हणाली, "ही वेळेवर जेवत नाही." मी म्हटलं, "तीन देशांची वीज एका तारेत ओवायची, तर जेवण राहणारच."

पत्र बघून हसशील. पण तुझा फोन आधी सेक्रेटरी उचलतो, आणि तुझे मेसेज कोण कोण वाचतं हे तुलाच ठाऊक नाही.

आमच्या वीज केंद्रात नवे स्क्रीन बसले. कुठल्या देशाला किती वीज सोडायची ते आता दूरचा संगणक ठरवतो. आम्ही कंट्रोल रूममध्ये लग्नातल्या लांबच्या नातेवाइकांसारखे बसतो. खुर्ची आहे, काम नाही. तुमच्या करारात हे कोळशाचं केंद्र वर्षअखेर बंद होणार, तेही मी मान्य केलंय. धूर मीही गिळलाय इतकी वर्षं. पण पन्नाशीची माणसं चष्मा कपाळावर चढवून त्याच्या जागी येणाऱ्या नव्या केंद्राचं काम शिकतायत, आणि त्यांना अजून दोन वर्षं लागतील. त्याआधी इथलं बंद झालं, तर तिथे बाहेरची माणसं भरतील. मग शिकून उपयोग काय?

आता सांगायचं ते सांगतो. मंगळवारी तुमचं मंडळ इथे कामगारांचं म्हणणं ऐकायला येतंय ना, तेव्हा कामगारांच्या वतीने मी बोलणार आहे. तुझ्यासमोर.

मी मागितलं नव्हतं गं. युनियनच्या सभेत आमचा भोंगा (सेक्रेटरी, आवाजावरून नाव पडलंय) उठला आणि म्हणाला, "करार करणारी बाई यांच्या घरात आहे, मग यांनाच पाठवा!" काही हसले, काही हसले नाहीत. मी नको म्हटलं, तर माझ्यासोबत नोकरीला लागलेला बॉयलरवाला शांतपणे म्हणाला, "तुम्ही नाही म्हणालात तर आम्ही काय समजायचं?" मग मी हो म्हटलं.

खरी अडचण वेगळीच आहे, आणि ती तुला माहीत आहे. मागच्या वेळी घरी आलीस तेव्हा गरम पाण्यात पाय सोडून तू म्हणालीस, "शेजारी देशांनाही दोन वर्षं हवी आहेत. त्यांचीही माणसं तयार नाहीत. पण आधी मुदत मागेल तो मागासलेला ठरेल, म्हणून तिघांचीही अळीमिळी गुपचिळी." मी म्हटलं, "मग तू माग." त्यावर तू पाय पुसलेस आणि म्हणालीस, "मी मागितलं तर म्हणतील, नवऱ्याची नोकरी वाचवतेय."

तेव्हापासून माझं इकडे आड, तिकडे विहीर झालंय. मंगळवारी हे बोलून टाकलं तर आमचं काम होईलही. पण शेजारी म्हणतील, यांच्याकडे काही पोटात राहत नाही, आणि बोलणी मोडतील. शिवाय तू यापुढे घरात पाय पाण्यात सोडून काही बोलणार नाहीस. नाही बोललो, तर ज्यांच्याबरोबर रोज डबा खाल्ला त्यांच्यापुढे मिठाची गुळणी धरून बसायचं. मला तुझा राग आला. आपण दोघं नवरा-बायको नसतो तर हे सोपं झालं असतं, असंही एकदा मनात आलं. लगेच लाजही वाटली. फार थकलोय.

तर ठरवलं ते असं. तू घरात बोललीस ते घरातच राहील. मी फक्त आमच्या माणसांचं शिक्षण किती झालंय आणि किती राहिलंय, एवढंच सांगेन. कुणी म्हणेल, बायकोपुढे शेपूट घातली. म्हणू देत.

आणि आज सकाळी मी राजीनामा दिला. तो लगेच मंजूरही झाला. सोमवारी माझी शेवटची पाळी. साहेबांनी विचारलं, "घरी विचारलंत का?" मी हो म्हणालो. भोंग्याला सांगितलं तर त्याचा आवाज पहिल्यांदाच बसला. मग म्हणाला, "तरी मंगळवारी तुम्हीच बोला." तुझ्या आईला अजून सांगितलेलं नाही. केंद्रातलं काम मला फार आवडायचं, हे तुला कधी बोलून दाखवलं नाही. आज दाखवतो.

माझ्यावर रागाव, घरी येऊन भांड, काहीही कर. पण आता तुझ्या नवऱ्याला वाचवण्यासारखी नोकरीच उरलेली नाही. आता तरी माग.

मंगळवारी समोर बसणारा,
तुझाच