पंधरापर्यंत मोजणे

बुधवार, १२ नोव्हेंबर

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं ठीक. तुझी बदली रद्द झाल्याचं वाचून आईला हायसं वाटलं. अक्षर जरा गिचमिड आलंय, ते चालवून घे. पेन नवीन आहे, हातात बसायला वेळ घेतंय.

फोन न करता पत्र का, असं तुझ्या मनात येईल. फोन आला की आई शेजारी येऊन बसते आणि आवाज मोठा करायला लावते. मग आपण तिघं हवापाण्यावर बोलतो.

तिची साखर आटोक्यात आहे. रोज सकाळी बोटाला टोचून स्वतःच बघते आणि वहीत लिहिते. काळजी कोलेस्टेरॉलची आहे. गेल्या वर्षी हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवला, तेव्हाच डॉक्टरांनी बजावलं होतं की मधुमेहाच्या माणसाला हे वाढलेलं परवडत नाही. गोळ्यांनी तिचे पाय इतके दुखायला लागले की जिना चढवेना, म्हणून जुलैपासून दर पंधरा दिवसांनी ते इंजेक्शन सुरू केलं. तूच मागे लागली होतीस. आकडा निम्म्यावर यायला हवा होता. परवा रिपोर्ट आला, तर जेमतेम बारा टक्क्यांनी उतरलाय. डॉक्टर बुचकळ्यात पडले. म्हणाले, "औषध यांना लागू पडत नाही असं दिसतंय. वीस तारखेला या, बहुतेक बंदच करू."

आईनं त्याचा एकच अर्थ घेतला. काल तिनं कपाट आवरायला काढलं. मी विचारलं तर म्हणाली, "कुणाला काय द्यायचं ते नंतर तुम्हाला सुचायचं नाही." ठकू, मला त्या खोलीत उभं राहवेना.

आता खरं लिहितो. औषधात खोट नाही. ते तिच्या अंगात पुरतं गेलेलंच नाही.

तुला आठवत असेल, तू इंजेक्शन द्यायला नर्स ठरवून दिली होतीस आणि मी तिला दारातूनच परत पाठवलं. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली, खसखशीएवढे स्क्रू बसवले, मला काय शिकवता, असं म्हणालो. ते इंजेक्शन पेनासारख्या नळीत भरलेलं येतं, आईला त्या पेनातल्या स्प्रिंगची धास्ती, म्हणून ती तोंड खिडकीकडे करून बसते. मी तिच्या मांडीवर पेन टेकवून दाबतो. टक आवाज होतो. घड्याळाला काच बसवताना टक झालं की हात लगेच उचलायचा असतो, आणखी दाबलं तर काच तडकते. हे माझ्या हाडात मुरलंय. मी तसाच हात उचलला. इथे मात्र टक म्हणजे औषध जायला नुसती सुरुवात. तिथून पंधरा सेकंदं दाबून धरायचं, पेनाची छोटी खिडकी पूर्ण पिवळी होईपर्यंत. माझी कधी पूर्ण झाली नाही. मांडीवर औषधाचा ओघळ यायचा. "काय ओलं लागतंय?" तिनं एकदा विचारलं. मी म्हटलं, "स्पिरिट आहे."

सवयीचा दोष म्हणून इथेच थांबणार होतो. पण तिसऱ्या वेळेनंतर मी खोक्यातला कागद वाचला होता. चूक मला ऑगस्टमध्येच कळली होती. त्यानंतर सहा वेळा मी दाबून धरायचा प्रयत्न केला, आणि प्रत्येक वेळी पाच-सहा सेकंदांत हात इतका थरथरायला लागला की सुई बाहेर यायची. तिनं मान वळवायच्या आत मी कापसानं पुसून घ्यायचो.

हे लिहायचं पेनही नवीन नाही, ठकू. तुझ्या लग्नाच्या आमंत्रणांवर पत्ते लिहिले तेच आहे. गिऱ्हाईक कमी झालं म्हणून दुकान दुपारी बंद ठेवतो असं तुला सांगितलं, तेही खोटं. बारीक काम आलं की मी ते पलीकडच्या गल्लीतल्या कारागिराकडे देतो आणि गिऱ्हाइकाला उद्या या म्हणतो. हात गेला हे कबूल करायला नको, म्हणून मी तिच्या जिवाशी खेळलो. दुसरं काही कारण नाही.

तिला सांगायचं कसं ते सुचत नाही. दोनदा खोलीच्या दारापर्यंत जाऊन आलो.

रविवार, संध्याकाळ

पत्र टाकलं नव्हतं. आज दहावं इंजेक्शन होतं. फ्रिजमधून काढून टेबलावर ठेवलं, अर्धा तास बाहेर ठेवावं लागतं, आणि त्या अर्ध्या तासात तिला सगळं सांगितलं. संपल्यावर म्हणाली, "नऊ वेळा मी खिडकीकडे बघत बसले." मग, "म्हणजे कपाट उगाच आवरलं."

मी नर्सला बोलावतो म्हटलं. तिनं पेन माझ्या हातातून काढून घेतलं. "तुम्ही नुसतं मोजा. आणि मोठ्यानं मोजा, मला ऐकू आलं पाहिजे."

तिनं स्वतःच दाबलं. घाबरली होती, पण या वेळी पेनावरची नजर काढली नाही. मी पंधरापर्यंत मोजलं. पेनाची खिडकी पिवळी झाली, पूर्ण.

वीस तारखेला डॉक्टरांना मीच सांगणार आहे. ती म्हणते, माझ्या हाताचंही तिथेच सांगायचं. यापुढे औषध लागू पडतंय की नाही, ते पुढचा रिपोर्ट येईपर्यंत कळायचं नाही. हे चार महिने मात्र तिला परत मिळायचे नाहीत. त्यात आत काही बिघडलं असेल का, हा विचार डोक्यातून जात नाही. आई माझ्याशी कामापुरतंच बोलते. कपाट अजून उघडंच आहे.

अक्षर आता असंच येणार. ओळखायला शीक.

तुझा बाबा