सणाच्या दिवशी भट्टी

निगडी, प्राधिकरण
५ मार्च २०२५

चि. दीपमाला हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

एवढ्या जवळ राहून काका पत्रं का लिहितो, असं तुझ्या ऑफिसातल्या मुली विचारतात म्हणे. त्यांना सांग, फोनवर माणूस नुसता हं-हं करतो. पत्राला उत्तर द्यायचं तर विचार करावा लागतो. जन्मभर कारखान्यांच्या गेटवर भाषणं ठोकली, समोरच्याला विचार करायला लावायची खोड आता जाणार नाही.

तर विचार असा. आठ मार्च आला. महाळुंग्याच्या तुमच्या कंपनीत बायकांना गुलाब वाटतील, केक कापतील, फोटो निघतील. आणि दुसऱ्या शिफ्टच्या त्याच बायका गेटपासून बसथांब्यापर्यंत अंधारात जीव मुठीत धरून चालतील. महिलांचा दिवस, अपंगांचा दिवस, मधूनमधून दिवाळी, ईद, नाताळ. हे सगळे दिवस साजरे करणं ही तुझी नोकरी. पण ज्या दिवसानंतरचा दिवस बदलत नाही, तो दिवस कसला? माझा भाऊ तुला लातूरहून पत्र्याच्या पेटीवर बसवून या शहरात घेऊन आला, तो असल्या नाटकाची मॅनेजर करायला नव्हे.

तुझी काकू कुसुम म्हणते, पोरीला इतकं टोचू नये. मी टोचत नाही, धार लावतो.

माया आहेच, ती या शब्दांच्या खाली शोधावी.
तुझा काका,
उद्धव

---

महाळुंगे
१२ मार्च २०२५

ती. उद्धवकाका यांस,
दीपमालाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र कॅन्टीनमध्ये मोठ्याने वाचलं. बायका खूप हसल्या आणि तुमचे काका कुठल्या गेटवर मिळतील म्हणून विचारू लागल्या.

काका, गुलाब आणलेच नाहीत. आठ तारखेला आम्ही प्लांटच्या साहेबांना दुसऱ्या शिफ्टच्या बायकांबरोबर थांब्यापर्यंत चालायला लावलं. गटाराच्या कडेला त्यांचा बूट रुतला. काल दिव्याचे खांब आले. डिसेंबरात अपंग दिनाला भाषण ठेवलं नव्हतं, कॅन्टीनच्या पायऱ्यांशेजारी उतार बांधून घेतला होता. तुम्हाला सांगितलं नाही, कारण तुम्ही विचारलं नाहीत.

आता खरी काळजी ऐका. आमच्याकडे गिअर कडक करायची भट्टी आहे. ती विझवता येत नाही. विझली तर आतला सगळा माल भंगारात जातो. म्हणून सणासुदीलाही तिच्यापाशी एक जाणता माणूस लागतो. पूर्वी यावरून भांडणं व्हायची. मी आल्यावर माणसांनी आपसात ठरवलं: दिवाळी-पाडव्याला दस्तगीरभाई आणि त्यांची माणसं भट्टी राखतील, ईदला आपली. चौदा एप्रिलला, नाताळला, छटपूजेला, ज्यांचा सण नसेल ते उभे राहतील. याला सगळे सणबदली म्हणतात. वर्षाच्या सुरुवातीला मी सगळे सण एका मोठ्या कॅलेंडरवर छापते आणि ते भट्टीजवळ लागतं.

साहेबांना हे आवडत नाही. नाताळात एकाला यायला उशीर झाला, तेव्हापासून ते म्हणतात की वर्षातून एकच विविधता दिवस करा, सगळ्यांना फेटे बांधा, फोटो काढा आणि बदली बंद करा. ईदपर्यंत मुदत दिली आहे. ईदला भट्टी सुरळीत चालली तर सणबदली राहील, नाहीतर संपली. पाडवा रविवारी तीस मार्चला आहे. रमजानचे तीस रोजे मोजून मी ईद मंगळवारी, एक एप्रिलला छापली आहे. म्हणजे गावी गेलेली माणसं सोमवारी परततील.

कंपनीमागच्या गावातला रणजीत भट्टीवरचा पक्का कारागीर, पण तो बदलीत येत नाही. परवा सगळ्यांसमोर म्हणाला की ताईंच्या कॅलेंडरात साऱ्या दुनियेचे दिवस हायेत, ज्यांच्या जमिनीवर कंपनी उभी हाय त्यांच्या भैरोबाची जत्रा तेवढी न्हाई. मग आमी कशापायी कुनाचा सण राखायचा? मी कॅलेंडर पुन्हा तपासलं, जत्रा खरंच नव्हती.

काकूंना नमस्कार. माया कमी करू नये, धार थोडी कमी चालेल.
तुमची,
दीपमाला

---

निगडी
१७ मार्च २०२५

चि. दीपमाला हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र मी कुसुमला दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा वाचून झाल्यावर तिने ते माझ्या हातातून घेतलं आणि देवघरात नेऊन ठेवलं. यातून काय ते समज.

मी एकजुटीवर किती बोललो असेन! माणसं टाळ्या वाजवायची आणि आपापल्या वस्तीत आपापला सण करायला निघून जायची. तू एकाचा सण दुसऱ्याच्या अंगावर जबाबदारी म्हणून घातलास. माझ्या सगळ्या भाषणांत हे सुचलं नव्हतं.

पण रणजीतचं म्हणणं खरं आहे. तू पंगत मांडलीस आणि यजमानाचंच पान विसरलीस. त्याच्यावर रागावू नकोस. त्याच्या घरी जा, चहा पी, जत्रेची तारीख विचार. बदलीत ये, असं मात्र म्हणू नकोस. पान वाढताना बदल्यात काही मागायचं नसतं.

ईदचं काय झालं ते कळव. माझा लोभ मोजून देत नाही, हवा तेवढा घे.
तुझा काका,
उद्धव

---

महाळुंगे
१ एप्रिल २०२५

ती. उद्धवकाका यांस,
दीपमालाचा शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला. मधल्या दिवसांत माझी फजिती झाली आणि माझी लाजही राखली गेली, दोन्ही सांगते.

तुम्ही म्हणालात तशी रणजीतकडे गेले होते. तो घरी नव्हता. त्याचे आजोबा सोपानराव आणि आजी शालनबाईंनी चहा दिला आणि चैत्री पौर्णिमेला जत्रा असते असं सांगितलं. परत येऊन मी कॅलेंडरवर बारा एप्रिलच्या चौकटीत पेनाने जत्रा लिहिली. कुणाला बोलले नाही.

पाडव्याला दुसऱ्या शिफ्टला भट्टीवर दस्तगीरभाई होते. सूर्य मावळला आणि आवारात आरडाओरडा झाला, चांद दिसला! मी तीस रोजे मोजून ठेवले होते, आणि चंद्र एकोणतिसाव्यालाच उगवला. पोरं एकमेकांना मिठ्या मारत होती. दस्तगीरभाई मात्र माझ्याकडे बघत राहिले. ईद मंगळवारी नव्हती, उद्याच सकाळी होती. त्यांच्या जागी उभी राहणारी सगळी माणसं गावाला, कुणी बीडला, कुणी नगरला. मी फोन केले. सगळे हळहळले, पण सणाच्या रात्री खेड्यातून गाडी नव्हती, कुणीच सकाळपर्यंत पोहोचणार नव्हतं.

दस्तगीरभाईंच्या मुलीची सासरी गेल्यानंतरची ही पहिली ईद, जावई घरी येणार होता. तरी ते म्हणाले, पोरांना नमाजला जाऊ द्या, दिवसभर मीच थांबतो, अल्लाला भट्टी कळते. काका, चूक माझी आणि ईद त्यांची जाणार. सकाळी साहेबांना स्वतः सांगायचं ठरवून मीही थांबले.

उजाडता उजाडता गेटवर मोटारसायकल वाजली. रणजीत होता, हातात शालनबाईंनी दिलेला पुरणपोळ्यांचा डबा. संध्याकाळी सोपानरावांनी खळ्यातून चंद्रकोर पाहिली होती आणि नातवाला एवढंच विचारलं होतं, की उद्या दस्तगीरच्या जागी कोण हाय? रणजीतने कॅलेंडरवरच्या माझ्या अक्षरांकडे एकदा पाहिलं आणि हातमोजे चढवले. त्याचं बोलणं जसंच्या तसं लिहिते.

"ताई, चांद तुमच्या छापखान्याला इचारून उगवत न्हाई. दस्तगीरभाई, निघा तुमी, जावई खोळंबला आसंल. आन् शिरखुर्मा गार करून आणला तर भट्टीतच तापवीन."

साहेब आले तेव्हा दस्तगीरभाईंच्या जागी रणजीत उभा होता आणि भट्टी चालू होती. माझी चूक मी सांगितली, त्यांनी भट्टीचा काटा पाहिला आणि ऑफिसात गेले. दुपारी दस्तगीरभाई मुलीला आणि जावयाला घेऊन गेटवर आले. साहेबांनी शिरखुर्मा उभ्यानेच खाल्ला, वाटी खाली ठेवली आणि रणजीतला विचारलं, जत्रेला भट्टीवर कोण? सणबदली राहिली, काका.

पुढच्या वर्षी ईदची चौकट मी कोरी ठेवणार आहे. ज्याला आधी चांद दिसेल त्याने भरावी.

बारा तारखेला तुम्ही दोघांनी जत्रेला यायचं, सोपानरावांचा निरोप आहे. ते तुमचं भाषण ठेवणार आहेत. कृपा करून थोडक्यात बोला.

तुमच्या लोभावर उभी असलेली,
दीपमाला

---

निगडी
१४ एप्रिल २०२५

चि. दीपमाला हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

परवा गर्दीत तुझ्याशी नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहितो.

सोपानरावांनी मला फेटा बांधला आणि देवळापुढच्या ओट्यावर बसवलं. पालखी निघाली. रणजीत लेझीम खेळत सगळ्यांत पुढे, गुलालाने ओळखू येत नव्हता. शालनबाई कुसुमला सांगत होत्या की नोकरी लागल्यापासून पोरगा पहिल्यांदाच जत्रेला पुरा दिवस घरी हाय. माझं लक्ष मात्र सारखं पत्र्याच्या शेडांवरून वर आलेल्या चिमणीकडे जात होतं. तिच्या तोंडाशी हवा थरथरत होती.

भाषणाची तयारी मी जय्यत केली होती. संतांपासून संविधानापर्यंत सगळं पाठ होतं. कुसुमने घरीच बजावलं होतं की पोरीला खाली बघायला लावू नका. सोपानरावांनी माइक हातात दिला, माणसं शांत झाली, आणि मला दुसरं काही बोलावंसंच वाटेना. मी एवढंच म्हणालो, की मंडळी, भट्टीवर दस्तगीरभाई आहेत. प्रसाद आधी तिकडे जाऊ द्या.

माइक परत दिला तेव्हा रणजीत गुलालाच्या हाताने गूळखोबऱ्याचं ताट घेऊन गेटकडे निघाला होता.

या म्हाताऱ्यावर लोभ ठेव. शिकवत राहा.
तुझा काका,
उद्धव