जुवाकडची बाजू

६ जानेवारी ७४, रवि.
फुटबॉलची टुर्नामेंट सुरू. मैदानाभोवती यंदाही गाड्यांचं रिंगण. खेड्यातली माणसं बैल सोडून मागं बांधतात, गाडीतच उभी राहून खेळ बघतात. दुसरी गॅलरी आहे कुठं आपल्याकडं? पण गाड्यांची जुवं मैदानात घुसलेली. झरीचा एक खेळाडू धावता धावता जुवावर आपटला, नडगी सोलली. कमिटीचे सेक्रेटरी वकीलसाहेब म्हणाले, "मिस्त्री, पुढल्या रविवारी गाड्यांचं तुमीच बघा. जिनिंगात कापसाच्या गाड्या बघण्यात जिंदगी गेली तुमची, तुमाला अंदाज हाय." छाती जराशी फुगली, खोटं कशाला लिहू.

१२ जाने., शनि.
कागदावर नकाशा काढला. सगळ्या गाड्यांची जुवं बाहेर, पाठी मैदानाकडं. खेळाडूंना अडचण नाही. आमची कारभारीण गया बघून म्हणाली, "रुसल्यावानी तोंडं फिरवून बसल्यात की गाड्या!" कमिटीतला कादरभाई दोरखंड मोजत होता. म्हणाला, "अन् समदे मागच्या अंगाला जमा झाले तर?" मी म्हणालो, "लोक काय कापसाची पोती हायेत का, कुठं उभं ऱ्हायचं ते कळतंय त्यायला." हसण्यावारी नेलं.

१३ जाने., रवि.
पिंगळी विरुद्ध आपलं गाव. खेळ संपायला थोडं राहिलं असताना पिंगळीनं गोल केला. त्यांची गाडी माणसांनी खच्चून भरलेली. सगळे एकदम मागं धावले, उड्या मारल्या. जू आभाळात गेलं, गाडी उलाळ झाली, माणसं मैदानात सांडली. सर्वांत खाली पांडुरंग. वीस वर्षं जिनिंगात कापूस आणायचा तोच. पायाचं हाड मोडलं. पिंगळीवाल्यांना वाटलं, गाडी आमच्या गावच्यांनी उलथली. गचांड्या धरल्या, दगड आले. शिट्ट्या मारून खेळ थांबवला. पिंगळी जिंकली असं ठरलं, पण आनंद कुणाला.
 

१४ जाने., सोम. संक्रांत
कमिटी बसली. वकीलसाहेब म्हणाले, "खेळ बघायची तमीज न्हाई त्या लोकांला." ठराव : फायनलला पिंगळीचे अकरा खेळाडू यावेत, बाकी एक माणूस आत सोडायचा नाही. फौजदारसाहेबांनाही कळवायचं. मी तिळगूळ खात बसलो. गोड बोला, गोड बोला चाललं होतं. मी गोडही बोललो नाही, खरंही नाही. कादरभाई माझ्याकडं बघत होता, मी खिडकीकडं.

१६ जाने., बुध.
सकाळच्या गाडीनं पिंगळीला. पां. बाजेवर, पाय प्लास्टरात. दीड महिना तरी हलायचं नाही, ज्वारी काढणीला येईल तेव्हाही. उलट मलाच म्हणतो, "मिस्त्री, आमचीच मंडळी दांडगी. उड्या कशाला माराव्या म्हन्तो मी." त्याची बायको चहा देता देता बोलली, "लगीन झाल्यापासून त्याच गाडीत बसायलेव. कवाच उलाळ झाली न्हाई. औंदाच जुवं भाईर कुनी करायला लावली?"
मी चहात बघत राहिलो. लय गोड होता. तसाच उठून स्टेशनावर आलो.

१७ जाने., गुरु.
कादरभाईच्या वाड्यात रिकामी गाडी सोडली. मागच्या अंगाला पोती ठेवत गेलो. पाचव्याला जू उचललं. कादरभाई पोती उतरवायला लागला. पूर्वी जुवं मैदानाकडं असायची, माणसं जुवाच्या अंगाला दाटायची, म्हणून गाडी जमिनीला धरून राहायची. मी फिरवली. हे पोरासोरालाही कळावं. जिनिंगात गाडी भरताना मीच ओरडायचो, "फुडं सारा, उलाळ होईल!" ठाऊक नव्हतं म्हणायलाही जागा नाही.

१९ जाने., शनि.
कमिटीत उभं राहून सांगितलं. दगडाची चूक ज्याची त्याची, पण गाडी माझ्यामुळं उलथली. वकीलसाहेब वैतागले. "आता कशाला उकरायलाव? ठराव झाला. तुमचंच नाव खराब व्हईल." म्हणालो, "व्हऊ द्या. पिंगळीचं तरी कशाला करायचं?" लय वेळ वादावादी. शेवटी पिंगळीच्या माणसांना येऊ द्यायचं मानलं, अटीवर. जुवं बाहेरच राहणार, खेळाडूंचे पाय सांभाळायचे आहेत. पण प्रत्येक जू खुंट्याला बांधायचं आणि त्यावर एक जबाबदार माणूस बसवायचा. पाठीमागं टेकू देऊन बघितला, काळ्या मातीत रुततो. पुन्हा कुणाला लागलं तर टुर्नामेंट कायमची बंद.
जुवावर बसणाऱ्याला खेळ दिसायचा नाही. समोर नुसत्या पाठी. कोण बसेल?

२२ जाने., मंगळ.
पिंगळीला पत्र टाकलं, माझ्या हातचं. जुवं मी फिरवायला लावली, तुमच्या माणसांचा दोष नाही, खेळ बघायला या. चार वेळा फाडलं. "माफी" शब्द लिहिला, खोडला, परत लिहिला. गया म्हणाली, "टाका आता, पोस्टमन म्हातारा व्हईल."

२५ जाने., शुक्र.
उत्तर नाही. खुंटे तासले. जुवावर बसायला आतापर्यंत सहा जण कबूल, सगळे माझ्याच वयाचे. कादरभाई म्हणतो, "आपल्याला तसंबी कुटं नीट दिसायलंय!"

२७ जाने., रवि. फायनल
पिंगळीशी खेळायला झरी आली, गाव लोटलं. तीन वाजेपर्यंत पिंगळीची एक गाडी नाही. त्यांची पोरं मैदानात गप्प उभी, रस्त्याकडं बघत होती. मीही.
मग धूळ दिसली. सात गाड्या, ओळीनं. पहिलीत कडब्यावर पाय लांब करून पां. मला रामराम नाही. जागा दाखवली, बैल सोडले, खुंटा ठोकला.
"दोर बगितला का?" त्यानं विचारलं.
"दोनदा."
त्याला आडवं जुवाच्याच अंगाला ठेवलं होतं. म्हणालो, "इथून तुला काही दिसायचं न्हाई, पांडुरंगा."
"उभं ऱ्हाता येत न्हाई. वजन तर व्हतंय माझं." मग म्हणाला, "बसा तुमी जुवावर."
बसलो. समोर पंधरावीस पाठी, पटके, एक छत्री. आम्ही दोघं नुसता आवाज ऐकत होतो. पत्राबद्दल तो बोलला नाही, मी विचारलं नाही. एकदा पायाकडं बघून म्हणाला, "ज्वारीला येवढ्यात काई उभं ऱ्हात न्हाई म्या." मी मान हलवली. काढणीला येतो म्हणायचं होतं, जिभेवर आलं होतं.
तेवढ्यात सगळ्या पाठी एकदम उसळल्या. केवढा आरडाओरडा. बुडाखाली जू दोन बोटं उचललं. दोर ताणला, करकरला. पां.नं माझा हात धरला, मी दोर. जू खाली बसलं.
"कुनाचा झाला?"
"दिसलं न्हाई."
"मग उठू नगा," तो म्हणाला. हात सोडला नव्हता. "खेळ हाय अजून."