हट्ट्याच्या बाजारातली कुंपणाची जागा

मी शकुबाई, मयत ग्यानबांची बायको, राहणार हट्टा, तालुका वसमत. खोकला सुटत नाही, पण डोकं ठिकाणावर आहे. कोणाच्या दबावाशिवाय, राजीखुशीने हे मृत्युपत्र लिहवून घेत आहे.

राहते घर व ओढ्याकडचे शेत मुलगा माणिकराव याला. पाटल्या सून शालूबाईला. हळद शिजवायची कढई तांड्यावरच्या रूपाबाईला. तशीही ती माझ्यापेक्षा तिच्याच चुलीवर जास्त राहिली. दिराला काही नाही. काहून, ते त्यांना ठाऊक आहे.

आता बाजारालगतची मोकळी जागा. इथे बाजार भरत नव्हता तेव्हा आमच्या मालकांनी ती घेतली आणि बाभळीचे कुंपण घातले. पुढे गावाने विहीर खोदली, रस्ता केला, पेठ वसली. आमच्या घरच्या कोणी तिथे एक खडाही उचलला नाही. यंदा रूपाबाईला शिजवलेली हळद वाळवायला जवळ जागा मिळेना. लांब माळावर नेताना अवकाळीत भिजून सगळी काळी पडली. ती आमच्या कुंपणाशी उभी राहून रडली. माझ्याने बघवले नाही.

माणिकराव म्हणाला, "माय, थांब जरा. बसल्या जागी किंमत वाढून राहिली."

मी म्हटले, "जागा तितकीच हाय, लेकरा. गाव वाढून राहिलं. त्यांची कमाई आपण काहून खावी?"

तो उठून गेला.

बाजारात जो छप्पर घालतो तो पट्टी भरतो. जो काटे लावून बसतो त्याला कोणी विचारत नाही. हा न्याय मला पटत नाही. म्हणून जागा माणिकरावालाच, पण शर्तीवर. नुसत्या जमिनीचे जे भाडे पंच ठरवतील ते त्याने दरसाल विहीर-रस्त्यासाठी गावाला द्यावे, जागा वापरो वा न वापरो. वर काही बांधले तर त्याच्या मेहनतीवर एक दमडी वाढवू नये. भरले नाही तर जागा गावाची.

तो रागावेल. रागावू दे, पोटचा आहे.

माझ्या सरणाला लाकूड विकत आणू नये. त्या कुंपणाच्या बाभळी माणिकरावाने स्वतःच्या हाताने तोडून आणाव्यात. मी जळेन तोवर जागा मोकळी झालेली असावी.

मुक्काम हट्टा, वैशाख, फसली सन १३५५.
शकुबाई, डाव्या अंगठ्याची निशाणी
साक्षीदार: दगडोबा सटवाजी, हट्टा; रूपसिंग वसराम, तांडा